जुन्या अँड्रॉइड फोनवर कस्टम रॉम बसवताना: आधी परतीची वाट, मग फ्लॅशिंग

कंपनीने अपडेट देणे थांबवले की चांगला चालणारा फोन एकाएकी जुना ठरतो. त्याची बॅटरी बदलता येते, स्क्रीन बदलता येते, प्रोसेसरही रोजच्या कामाला पुरेसा असतो. थांबलेले असते ते केवळ सॉफ्टवेअर आणि त्याबरोबर येणारे सुरक्षा पॅच. ऑगस्ट 2018 मध्ये भारतात आलेला पोको एफ1 हे याचे ठळक उदाहरण आहे. त्यात स्नॅपड्रॅगन 845 हा त्या वर्षीचा वरच्या श्रेणीचा प्रोसेसर होता, तरीही कंपनीचे अधिकृत अपडेट अँड्रॉइड 10 पाशी संपले. त्यापुढच्या आवृत्त्या या फोनला मिळाल्या त्या लिनिएजओएससारख्या स्वयंसेवकांनी चालवलेल्या प्रकल्पांमुळे. कंपनीऐवजी इतरांनी तयार केलेल्या अशा अँड्रॉइडला कस्टम रॉम म्हणतात आणि ती फोनमध्ये लिहिण्याला फ्लॅशिंग. सायनोजेनमॉड ही तशीच जुनी रॉम बंद पडल्यावर 2016 च्या अखेरीस त्याच पायावर लिनिएजओएस उभे राहिले आणि आजही ते शेकडो जुन्या फोनांना नव्या अँड्रॉइडवर चालते ठेवत आहे.

पुण्यात असे फोन घरोघरी खणात पडून असतात. दुरुस्तीच्या दुकानात ‘सॉफ्टवेअर मारून’ मिळते हे खरे, परंतु तेथे कोणती फाइल टाकली, ती कुठून आणली आणि टाकण्याआधी जुन्या सॉफ्टवेअरची प्रत ठेवली की नाही, हे ग्राहकाला सहसा सांगितले जात नाही. ज्या फोनवर आपण पासवर्ड टाइप करणार आहोत, त्याच्या मुळाशी काय बसले आहे हे आपल्याला ठाऊक असलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. म्हणूनच हे काम स्वतः, घाई न करता, मोकळा दिवस पाहून करावे.

प्रत्यक्ष फ्लॅशिंगला अर्ध्या-पाऊण तासापेक्षा अधिक वेळ लागत नाही. फोन वाचतो किंवा बिघडतो तो त्याआधीच्या तयारीवर. पुढची प्रत्येक पायरी एकाच प्रश्नावर तपासून पाहावी: हे फसले तर मागे कसे जायचे? उत्तर हाताशी नसेल तर ती पायरी त्या दिवशी करू नये.

येथे संगणकाच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत टाकाव्यात, तसेच आपल्या फोनच्या अधिकृत सूचनापानावरील स्पेलिंगशी ताडून पाहाव्यात.

कोणता फोन घ्यावा, कोणता घेऊ नये

रोजच्या व्यवहाराचा एकमेव फोन या कामासाठी घेऊ नये. फोन सुरू होताना आधी चालणारा आणि पुढे कोणते सॉफ्टवेअर चालू द्यायचे ते ठरवणारा भाग म्हणजे बूटलोडर. कस्टम रॉमसाठी त्याचे कुलूप उघडावे, म्हणजे तो अनलॉक करावा लागतो. बूटलोडर अनलॉक केलेल्या फोनची खबर गूगलच्या प्ले इंटेग्रिटी या तपासणीतून ॲपला मिळते आणि बँकांची व यूपीआयची काही ॲप अशा फोनवर चालण्यास नकार देतात. आज रिक्षाच्या भाड्यापासून मंडईतल्या कोथिंबिरीच्या जुडीपर्यंत सारे क्यूआर कोडवर चालते. अशा शहरात ऐन वेळी पैसे देता न येणे ही साधी गैरसोय नव्हे. ही तपासणी चुकवण्याचे मार्ग सांगणारे पुष्कळ लोक भेटतात. मात्र असे मार्ग आज चालतात, उद्या बंद पडतात, आणि पैशांचा व्यवहार अशा आधारावर ठेवणे मला योग्य वाटत नाही. बँकेसाठी एक लॉक असलेला फोन वेगळा ठेवावा आणि कस्टम रॉमचा फोन वाचन, नकाशे, संगीत, अभ्यास किंवा घरातल्या मुलांसाठी वापरावा.

आणखी दोन गोष्टी आधी समजून घ्याव्यात. बूटलोडर उघडल्यावर अनेक फोनांवर वाइडवाइन या चित्रपटांची नक्कल रोखणाऱ्या व्यवस्थेची पातळी एल1 वरून एल3 वर घसरते आणि मग ओटीटीवरील चित्रपट एचडीमध्ये दिसत नाहीत. सॅमसंगच्या फोनमध्ये नॉक्स या सुरक्षाव्यवस्थेचा इलेक्ट्रॉनिक फ्यूज कायमचा उडतो, त्यामुळे पुढे मूळ सॉफ्टवेअर परत टाकले तरी सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी त्या फोनवर चालत नाहीत. हा बदल उलटवता येत नाही, म्हणून सॅमसंग असेल तर दोनदा विचार करावा.

फोनची खरी ओळख

बाजारातले नाव येथे उपयोगाचे नाही. लागते ते सांकेतिक नाव. रेडमी नोट 7 चे सांकेतिक नाव ‘लॅव्हेंडर’ आहे आणि रेडमी नोट 7 प्रोचे ‘व्हायोलेट’. हातात घेतल्यावर दोन्ही फोन सारखेच दिसतात, पण एकात स्नॅपड्रॅगन 660 आहे आणि दुसऱ्यात 675. एकाची फाइल दुसऱ्यावर चालत नाही. खोक्यावरच्या नावावर किंवा विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नये, विशेषतः फोन जुन्या बाजारातून घेतलेला असेल तेव्हा. फोन फास्टबूटमध्ये, म्हणजे लॅपटॉपवरून केबलने आज्ञा घेणाऱ्या बूटलोडरच्या अवस्थेत, नेऊन ‘फास्टबूट गेटव्हार प्रॉडक्ट’ ही आज्ञा दिली की बहुतेक फोन स्वतःच आपले सांकेतिक नाव सांगतात. ते नाव आणि रॉमच्या फाइलीच्या नावातील सांकेतिक नाव अक्षरशः जुळले पाहिजे.

त्यानंतर त्या फोनच्या सूचनापानावर ‘आवश्यक फर्मवेअर’ काय लिहिले आहे ते वाचावे. फर्मवेअर म्हणजे कंपनीने फोनमध्ये घातलेले मूळ सॉफ्टवेअर. रॉम फोनच्या मोडेम (नेटवर्कचा भाग), व्हेंडर (कंपनीचा हार्डवेअर चालवणारा भाग) आणि अन्य खालच्या थरांवर उभी राहते. ते थर जुने असतील तर रॉम बरोबर असूनही नेटवर्क येत नाही किंवा फोन सुरूच होत नाही. अशा वेळी कंपनीचे शेवटचे अपडेट आधी घेऊन मगच पुढे जावे. ही पायरी लोक सर्वाधिक वेळा गाळतात आणि नंतर दोष रॉमला देतात.

शाओमीच्या फोनांबाबत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. 2018 पासून या कंपनीने काही मॉडेलांवर अँटी-रोलबॅक, म्हणजे जुन्या आवृत्तीवर परत जाणे अडवणारे बंधन, आणले आणि रेडमी नोट 5 प्रो वापरणाऱ्या अनेकांना त्याचा फटका बसला. फोनमध्ये साठवलेला अंक पॅकेजमधील अंकापेक्षा मोठा असेल आणि तरीही जुने सॉफ्टवेअर टाकले, तर फोन पूर्ण बंद पडू शकतो. ‘फास्टबूट गेटव्हार अँटी’ या आज्ञेने तो अंक दिसतो. मूळ सॉफ्टवेअर परत टाकायची वेळ आली तर नेहमी तीच किंवा त्याहून नवी आवृत्ती घ्यावी.

परतीची वाट

सर्वप्रथम आपल्या फोनच्या नेमक्या मॉडेलचे मूळ फर्मवेअर पूर्ण उतरवून घ्यावे. ते फास्टबूटमधून किंवा कंपनीच्या साधनातून टाकता येईल अशा स्वरूपाचे हवे. केवळ अपडेटची छोटी फाइल पुरत नाही. ही फाइल अनेकदा काही जीबींची असते. ती फोनमध्ये नव्हे तर लॅपटॉपवर ठेवावी, आणि उतरवल्यावर तिचा एसएचए-256 बेरीज-अंक (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा, मजकूर बदलला की बदलणारा अंक) प्रकाशकाने दिलेल्या अंकाशी ताडून पाहावा. विंडोजवर ‘सर्टयुटिल’ आणि लिनक्सवर ‘एसएचए256सम’ हे काम करते. अभ्यासिकेच्या किंवा वसतिगृहाच्या वायफायवर, जेथे जोडणी मधूनच तुटते, तेथे अर्धवट उतरलेल्या फाइली नवलाच्या नाहीत. मूळ फर्मवेअर, रॉम आणि पुढे येणारी इतर पॅकेजे या सगळ्यांना हीच तपासणी लावावी.

मग स्वतःची माहिती. बूटलोडर अनलॉक होताच फोनमधील सर्व माहिती पुसली जाते असे धरूनच चालावे. फोटो व कागदपत्रे लॅपटॉपवर उतरवावीत, व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्यावा आणि दोन टप्प्यांच्या पडताळणीचे कोड देणारे ॲप असेल तर ते आधी दुसऱ्या फोनवर हलवावे. या शेवटच्या गोष्टीचा विसर पडला तर स्वतःच्याच खात्याबाहेर राहावे लागते. सेटिंग्जमधून गूगल खाते रीतसर काढून टाकावे, अन्यथा फॅक्टरी रीसेटनंतर फोन जुन्याच खात्याचा पासवर्ड मागत बसतो.

डायलरवर *#06# टाकून दोन्ही आयएमईआय अंक कागदावर लिहून ठेवावेत. रिकव्हरी (रॉम टाकण्यासाठी लागणारी छोटी स्वतंत्र व्यवस्था) बसवल्यानंतर, रॉम टाकण्याआधी, शक्य असल्यास फोनच्या साठवणीतील पर्सिस्ट आणि ईएफएस या विभागांची प्रत घ्यावी. आयएमईआय, नेटवर्कचे आणि सेन्सरचे कॅलिब्रेशन अशी प्रत्येक नगाची वेगळी असणारी माहिती तेथे असते. मूळ फर्मवेअर टाकूनही ती परत येत नाही. दुसऱ्या कोणाच्या फोनमधील ईएफएस आपल्यावर टाकू नये आणि मिटलेला आयएमईआय भलताच लिहून घेऊ नये. आयएमईआयमध्ये फेरफार करणे हा 2023 च्या दूरसंचार कायद्यानुसार गुन्हा आहे.

लॅपटॉप आणि केबल

गूगलने दिलेले ‘प्लॅटफॉर्म टूल्स’ हेच पॅकेज घ्यावे. त्यात एडीबी (चालू फोनशी किंवा रिकव्हरीशी बोलणारे) आणि फास्टबूट (बूटलोडरशी बोलणारे) ही दोन्ही साधने असतात. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून बिल्ड नंबरवर सात वेळा बोट टेकवले की डेव्हलपर ऑप्शन्स दिसू लागतात. शाओमीमध्ये याच कामासाठी एमआययूआय किंवा ओएस व्हर्जनवर बोट टेकवावे लागते. तेथे यूएसबी डिबगिंग आणि ओईएम अनलॉकिंग सुरू करावे. लॅपटॉपवर ‘एडीबी डिव्हाइसेस’ ही आज्ञा दिल्यावर फोनच्या पडद्यावर परवानगीचा चौकोन उमटतो. तो मान्य केला नाही तर यादीत फोनपुढे ‘अनऑथोराइज्ड’ असे दिसते.

केबलवर मी जरा थांबणार आहे, कारण येथे फार वेळ वाया जातो. सदाशिव पेठेतील एका अभ्यासिकेतला विद्यार्थी आपला फोन घेऊन आला तेव्हा लॅपटॉपवर ‘वेटिंग फॉर एनी डिव्हाइस’ एवढी एकच ओळ उभी होती आणि त्याने संध्याकाळभर ड्रायव्हर बदलून पाहिले होते. केबल पॉवरबँकेबरोबर आलेली, पांढरी आणि बारीक होती. लॅपटॉपकडच्या मोठ्या टोकात टॉर्च धरून पाहिले तर एरवी दिसणाऱ्या चार पितळी पट्ट्यांपैकी फक्त बाहेरच्या दोनच होत्या. त्या दोन विजेच्या असतात. माहिती वाहणाऱ्या मधल्या दोन पट्ट्या त्या केबलमध्ये मुळातच नव्हत्या. तापकीर गल्लीतून डेटा केबल आणली आणि फोन लगेच यादीत दिसला. सगळ्या चार्जिंग केबलींत हा फरक डोळ्यांना दिसेलच असे नाही, म्हणून सोपी कसोटी अशी: फोन चालू असताना केबल जोडावी आणि सूचनापट्टीत ‘फाइल ट्रान्सफर’चा पर्याय येतो का ते पाहावे. तो येत नसेल तर ड्रायव्हरला हात लावण्याआधी केबल बदलावी.

फोनची बॅटरी साठ टक्क्यांच्या वर असावी आणि लॅपटॉपचीही भरलेली असावी. ज्या भागात देखभालीसाठी गुरुवारी वीज जाते, तेथे हे काम गुरुवारी काढू नये. डेस्कटॉप वापरायचा असेल तर यूपीएसशिवाय फ्लॅशिंग सुरू करू नये, कारण लिहिणे अर्ध्यावर तुटले तर तो विभाग अर्धवट राहतो.

बूटलोडर उघडणे

येथे प्रत्येक कंपनीची रीत वेगळी आहे. पिक्सेलवर ‘एडीबी रीबूट बूटलोडर’ देऊन फास्टबूटमध्ये जावे आणि ‘फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक’ द्यावे; त्यानंतर फोनवर येणारा इशारा आवाजाच्या बटणांनी निवडून मान्य करावा लागतो. मोटोरोला फोनमधून निघणारा लांबलचक संकेतांक आपल्या संकेतस्थळावर मागते आणि त्याबदल्यात अनलॉक कोड पाठवते. शाओमीमध्ये एमआय खाते फोनला जोडावे लागते, तेही वायफाय बंद ठेवून सिमच्या डेटावर, आणि त्यानंतर साधारणतः 168 तास थांबून विंडोजवरील अधिकृत साधनाने अनलॉक करावे लागते. हायपरओएस हे शाओमीचे नवे सॉफ्टवेअर आल्यापासून या कंपनीचे नियम अधिक कडक झाले आहेत. थांबण्याच्या काळात खाते काढून पुन्हा जोडू नये, अन्यथा मोजणी नव्याने सुरू होऊ शकते. सॅमसंगमध्ये फास्टबूट नसतो. तेथे डाउनलोड मोड आणि ओडिन हे संगणकावरील साधन असा वेगळाच मार्ग आहे. काही कंपन्या बूटलोडर उघडूच देत नाहीत आणि अशा फोनसाठी पैसे घेऊन कोड देणाऱ्यांच्या मागे लागू नये.

अनलॉक झाल्यावर फोन सुरू होताना दर वेळी एक इशारा दिसतो. तो बिघाड नव्हे. पडताळणीची साखळी उघडी आहे एवढेच फोन सांगत असतो. फोन एकदा पूर्ण सुरू होऊ द्यावा आणि डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन यूएसबी डिबगिंग पुन्हा चालू करावे, कारण सगळी माहिती पुसताना तेही बंद झालेले असते.

रिकव्हरी आणि रॉम

रिकव्हरी त्याच प्रकल्पाची वापरावी ज्याची रॉम आहे. लिनिएजओएससाठी लिनिएजची रिकव्हरी पुरते आणि सूचनापाने तीच गृहीत धरून लिहिलेली असतात. ज्या जुन्या फोनांना रिकव्हरीचा स्वतंत्र विभाग आहे, त्यांवर ‘फास्टबूट फ्लॅश रिकव्हरी’ आणि पुढे फाइलीचे नाव अशी आज्ञा द्यावी. त्यानंतर फोन नेहमीसारखा सुरू होऊ देऊ नये. बटणांचा जोड दाबून थेट रिकव्हरीतच जावे, कारण मूळ सॉफ्टवेअर सुरू झाले की ते अनेकदा आपली जुनी रिकव्हरी परत बसवते. नव्या ए-बी रचनेच्या, म्हणजे सॉफ्टवेअरसाठी दोन जागा (स्लॉट) असलेल्या, फोनांत रिकव्हरी अनेकदा बूट किंवा व्हेंडर-बूट विभागात असते. कोणत्या विभागात लिहायचे ते सूचनापान सांगेल. तेथे अंदाज चालवू नये.

रिकव्हरीत गेल्यावर ‘फॅक्टरी रीसेट’ मधून ‘फॉर्मॅट डेटा’ करावे. केवळ वाइप करणे आणि फॉर्मॅट करणे यांत फरक आहे. जुन्या सॉफ्टवेअरने डेटा विभाग स्वतःच्या किल्लीने एन्क्रिप्ट केलेला असतो, नव्या रॉमकडे ती किल्ली नसते आणि फॉर्मॅट न केल्यास फोन सुरू होताना तेथेच अडतो. त्यानंतर ‘अप्लाय अपडेट’ आणि ‘अप्लाय फ्रॉम एडीबी’ निवडून लॅपटॉपवर ‘एडीबी साइडलोड’ व पुढे रॉमच्या झिप फाइलीचे नाव द्यावे.

या टप्प्यावर लॅपटॉपवरचा आकडा काही वेळा 47 टक्क्यांवर येऊन थांबतो आणि तेथे ‘फेल्ड टू रीड कमांड’ अशी ओळ उमटते. घाबरून केबल ओढणारे लोक याच क्षणी फोन अडचणीत आणतात. त्या ओळीच्या शेवटी ‘सक्सेस’, ‘नो एरर’ किंवा ‘अनडिफाइन्ड एरर: 0’ असे लिहिले असेल तर काम यशस्वी झालेले असते. निर्णय फोनच्या पडद्यावरील मजकूर पाहून घ्यावा, लॅपटॉपच्या आकड्यावरून नव्हे.

गूगलची ॲप हवी असतील तर ती याच वेळी, फोन पहिल्यांदा सुरू होण्यापूर्वी टाकावी लागतात. रॉम एकदा सुरू करून नंतर ती टाकली तर परवानग्यांचा घोळ होतो आणि बहुतेकदा पुन्हा फॉर्मॅट करावे लागते. लिनिएजसाठी माइंडदगॅप्स हे पॅकेज सुचवले जाते. ते अँड्रॉइडच्या त्याच आवृत्तीचे आणि त्याच प्रोसेसर-रचनेचे असावे. ए-बी फोनवर ते टाकण्याआधी रिकव्हरीतूनच पुन्हा रिकव्हरीत रीबूट करावे, म्हणजे फोन नव्या स्लॉटवर येतो. स्वाक्षरी पडताळणी फसल्याचा प्रश्न आला तर ते पॅकेज लिनिएजच्या किल्लीने सही केलेले नसल्यामुळे येतो. फाइल अधिकृत ठिकाणाहून घेतली असून बेरीज-अंक जुळलेला असेल तर ‘येस’ म्हणावे. गूगलशिवाय राहायचे असेल तर ही पायरी सरळ सोडावी आणि नंतर एफ-ड्रॉइड या भांडारातून मुक्त ॲप घ्यावीत. नुसता वाचनाचा फोन करायचा असेल तर मी हाच मार्ग सुचवतो. जुन्या फोनची बॅटरी त्याने लक्षणीय वाचते.

पहिल्या वेळी सुरू होण्यास पंधरा मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. तोवर बटणांना हात लावू नये.

अडचण आली तर

फोन कोणत्या थरापर्यंत जिवंत आहे हे पहिल्याने ठरवावे. कंपनीचा लोगो येऊन फोन पुन्हा पुन्हा सुरू होत असेल तर अडचण बूट विभागात, पडताळणीत किंवा खालच्या फर्मवेअरमध्ये आहे. रॉमचे स्वतःचे ॲनिमेशन दिसू लागून तेथे अडकत असेल तर कर्नल (सॉफ्टवेअरचा गाभा) सुरू झालेला आहे आणि दोष बहुतेकदा डेटा विभागात किंवा गूगलच्या पॅकेजमध्ये आहे. हे दोन प्रकार वेगळे न करता सरसकट सगळे पुन्हा फ्लॅश करत बसल्याने कारण कधीच कळत नाही.

ॲनिमेशनवर अडकलेल्या फोनसाठी रिकव्हरीत जाऊन डेटा पुन्हा फॉर्मॅट करावा आणि गूगलचे पॅकेज न टाकता फक्त रॉम सुरू होते का ते पाहावे. ती सुरू झाली तर दोष पॅकेजचा. योग्य आवृत्ती घेऊन पुन्हा पहिल्यापासून करावे. एवढ्याने भागले नाही तर ‘एडीबी लॉगकॅट’ने फोनमधील घडामोडींची नोंद घेऊन फाइलीत साठवावी. मदत मागताना ‘फोन चालू होत नाही’ एवढे सांगण्यापेक्षा ही नोंद, फोनचे सांकेतिक नाव आणि आधीच्या फर्मवेअरची आवृत्ती द्यावी; समोरच्याला कारण शोधणे तेव्हाच शक्य होते.

लोगोवरच अडकलेल्या फोनमध्ये ‘डिव्हाइस इज करप्ट’ असा मजकूर आला तर तो व्हीबीमेटाच्या (सॉफ्टवेअर अस्सल आहे का हे ठरवण्याची माहिती ठेवणाऱ्या विभागाच्या) पडताळणीशी संबंधित असतो. सूचनापानावर व्हीबीमेटाची फाइल टाकण्याची पायरी असेल तर ती राहिली आहे का ते पाहावे. ए-बी फोन रॉम टाकल्यावर चुकीच्या स्लॉटवरून सुरू होत असेल तर ‘फास्टबूट सेट ॲक्टिव्ह अदर’ या आज्ञेने स्लॉट बदलून पाहता येतो. आज्ञेतील सेट आणि ॲक्टिव्ह या शब्दांमध्ये अधोरेषा असते, हे लक्षात ठेवावे.

‘हे पॅकेज अमुक फोनसाठी आहे, हा फोन तमुक आहे’ अशा अर्थाची चूक, किंवा टीडब्ल्यूआरपी या दुसऱ्या एका रिकव्हरीमध्ये ‘एरर 7’, आली की झिप उघडून आतली तपासणीची ओळ काढून टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो मुळीच ऐकू नये. ती ओळ आपल्या फोनच्या रक्षणासाठी लिहिलेली आहे. ती काढल्याने फाइल योग्य होत नाही, फक्त चुकीची फाइल विनातक्रार लिहिली जाते. सांकेतिक नाव, रिकव्हरीची आवृत्ती आणि फर्मवेअर या तीन गोष्टी तपासाव्यात. कारण यांतच सापडते.

एडीबीत दिसणारा फोन फास्टबूटमध्ये दिसत नसेल तर विंडोज या दोन अवस्थांसाठी वेगळे ड्रायव्हर वापरते हे ध्यानात घ्यावे. फोन फास्टबूटमध्ये असतानाच डिव्हाइस मॅनेजर उघडून पिवळ्या खुणेच्या नोंदीला अँड्रॉइड बूटलोडर इंटरफेसचा ड्रायव्हर द्यावा. लिनक्सवर ‘नो परमिशन्स’ आले तर यूडेव्हचे (यूएसबी उपकरणांना परवानगी देणारे) नियम बसवावेत. काही नव्या लॅपटॉपांवर यूएसबी 3 पोर्टवर फास्टबूट मध्येच तुटतो. तेव्हा यूएसबी 2 पोर्ट किंवा मध्ये साधा यूएसबी हब लावून पाहावे.

नेटवर्कच्या तक्रारी वेगळ्या तपासाव्यात. *#06# वर आयएमईआय दिसत असेल पण सिग्नल नसेल तर मोडेमचे फर्मवेअर जुने असण्याची शक्यता मोठी आहे. आयएमईआयच नसेल तर मूळ फर्मवेअर टाकून पाहावे आणि त्यानेही न आल्यास आधी घेतलेली ईएफएसची प्रत परत टाकावी. सिग्नल आणि इंटरनेट आहे पण फोन लागत नाही, अशी स्थिती जिओच्या सिमवर विशेष आढळते. जिओचे 2जी किंवा 3जी जाळे नाही, त्यामुळे रॉममध्ये व्होल्टीई (4जीवरून होणारे कॉल) चालत नसेल तर साधा कॉलही होत नाही. दुसऱ्या कंपनीचे सिम 2जीवर उतरून कॉल करते आणि दोष झाकला जातो. म्हणून फोन आईवडिलांना देण्यापूर्वी जिओच्या सिमवर येणारा आणि जाणारा असे दोन्ही कॉल करून पाहावेत. डायलरवर *#*#4636#*#* टाकल्यावर येणाऱ्या पानात व्होल्टीईची स्थिती दिसते.

जीपीएसची चाचणी पेठेतल्या अरुंद बोळात किंवा इमारतीत करू नये. सारसबागेसारख्या मोकळ्या जागी काही मिनिटे उभे राहून मगच निर्णय द्यावा. प्ले स्टोअरने फोन प्रमाणित नसल्याचे सांगितले तर गूगलच्या नोंदणीपानावर त्या फोनचा सेवा-आयडी नोंदवता येतो आणि काही वेळाने खाते उघडते. बॅटरी लवकर उतरण्याची तक्रार मात्र पहिल्या एक-दोन दिवसांत करू नये, कारण ॲप नव्याने जुळवली जात असतात आणि फोटो परत उतरत असतात.

काहीच चालत नसेल

फास्टबूट उघडत असेल तर फोन वाचलेला आहे, हे मनाशी पक्के धरावे. उतरवून ठेवलेले मूळ फर्मवेअर टाकावे आणि दुसऱ्या दिवशी ताज्या मनाने पुन्हा सुरुवात करावी. शाओमीच्या साधनात मूळ फर्मवेअर टाकताना खाली ‘क्लीन ऑल अँड लॉक’ हा पर्याय आधीच निवडलेला असू शकतो. तो बदलून ‘क्लीन ऑल’ करावा, अन्यथा बूटलोडर पुन्हा लॉक होतो आणि काही चुकले असेल तर दुरुस्तीचे दारच बंद होते.

पडदा काळा, बटणांना प्रतिसाद नाही आणि लॅपटॉपवर ‘क्वालकॉम क्यूडीलोडर 9008’ अशी नोंद दिसते, तेव्हा फोन आणीबाणीच्या ईडीएल अवस्थेत असतो. तेथून त्याला उठवता येते, परंतु त्या चिपची विशेष लोडर फाइल लागते आणि शाओमीच्या अनेक फोनांत कंपनीने मान्यता दिलेले खातेही लागते. हे काम अधिकृत सेवा केंद्राकडे न्यावे. दुरून लॅपटॉपचा ताबा घेऊन फोन दुरुस्त करून देण्याचे सांगणाऱ्या अनोळखी माणसाला तो ताबा देऊ नये. त्या लॅपटॉपवर आपल्या बँकेचे पासवर्डही असतात.

सारे सुरळीत झाल्यावर सुरक्षेसाठी बूटलोडर परत लॉक करावासा वाटतो. कस्टम रॉम बसवलेल्या बहुतेक फोनांवर तसे करू नये, कारण लॉक झालेला बूटलोडर कंपनीच्या सहीशिवाय असलेली रॉम सुरू करत नाही. काही पिक्सेलवर ग्राफीनओएससारख्या रॉम स्वतःची किल्ली बसवून लॉक करू देतात; इतरत्र आधी संपूर्ण मूळ फर्मवेअर टाकावे, फोन त्यावर नीट सुरू होतो हे पाहावे आणि त्यानंतरच लॉकची आज्ञा द्यावी. लॉक करतानाही सर्व माहिती पुन्हा पुसली जाते, म्हणून त्याआधी बॅकअप घ्यावा.